गृहपरिसरातील वन्यजीव निरीक्षण व डिजिस्कोपिंग : स्पॉटिंग स्कोपच्या निवडीचे शास्त्रीय व व्यावहारिक निकष

सारांश

घराच्या गच्चीवरून, खिडकीतून अथवा महाविद्यालयाच्या आवारातून दूर अंतरावरील पक्षी व अन्य वन्यजीव पाहण्यासाठी स्पॉटिंग स्कोप हे उपयुक्त साधन आहे. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याची जोड मिळाल्यावर त्यातून नोंदीयोग्य छायाचित्रेही घेता येतात. या तंत्रास डिजिस्कोपिंग म्हणतात. मात्र जाहिरातीतील विशालनाच्या आकड्यावर भिस्त ठेवून केलेली खरेदी बहुधा निराशा पदरी टाकते. प्रस्तुत लेखात वस्तुभिंगाचा व्यास, विशालन, काचेचा दर्जा, नेत्रिका, तिपाई आणि फोनची जोडणी या घटकांचे परस्परसंबंध सोप्या गणिताने स्पष्ट केले असून निवडीचे निकष, निगा आणि वापरातील नैतिक मर्यादा यांची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : स्पॉटिंग स्कोप, डिजिस्कोपिंग, वस्तुभिंग, विशालन, विभेदनक्षमता, पाणपक्षी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये व प्राध्यापकांच्या वसाहती गावाच्या कडेला, एखाद्या पाझर तलावाच्या वा धरणाच्या जलाशयाच्या सान्निध्यात वसलेल्या आहेत. हिवाळ्यात अशा पाण्यावर तलवार बदके, थापट्या, चक्रवाक यांचे थवे उतरतात. काठच्या चिखलात तुतवार व टिलवे लगबगीने चरताना दिसतात. उजनीच्या जलाशयावर भिगवणच्या परिसरात रोहित पक्षी व पट्टकादंब यांचे दर्शन घेण्यासाठी दूरदूरहून माणसे येतात. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. या यादीतील ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

हे वैभव दारात असूनही ते नीट दिसत नाही, ही अडचण आहे. पाण्याची कड घरापासून तीनशे-चारशे मीटरवर असते. नुसत्या डोळ्यांना तेथे ठिपके दिसतात आणि नेहमीच्या दुर्बिणीतून त्या ठिपक्यांचे पक्षी होतात. परंतु तो पक्षी नेमका कोणता, हे ठरत नाही. मग दोन मार्ग उरतात : पक्ष्याच्या जवळ जाणे, किंवा पक्ष्याला न हलवता आपली दृष्टी जवळ नेणे. पहिल्या मार्गाने थवा उडतो. स्पॉटिंग स्कोप हे दुसऱ्या मार्गाचे साधन आहे. त्याची निवड हा वरकरणी खरेदीचा विषय वाटला, तरी पक्ष्यांना त्रास न देता त्यांचे निरीक्षण करता यावे, हा हेतू त्यामागे आहे. तो साध्य होणे वा न होणे बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते.

२. स्पॉटिंग स्कोप : स्वरूप

स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहावयाची, तिपाईवर बसविलेली, जमिनीवरील दृश्यांसाठी घडविलेली दुर्बीण. पुढच्या टोकास प्रकाश गोळा करणारे वस्तुभिंग, मध्ये प्रतिमा सुलटी करणारे लोलक आणि मागे प्रतिमा मोठी करून दाखविणारी नेत्रिका, अशी तिची रचना असते. साध्या खगोलीय दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसली तरी बिघडत नाही; पक्षी मात्र पायांवर उभा दिसावा लागतो, म्हणून लोलकांची योजना.

दुर्बिणीच्या नावापुढे '८×४२' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ विशालन आठपट व वस्तुभिंगाचा व्यास ४२ मि.मी. स्कोपवर '२०–६०×८०' असे लिहिलेले आढळते, म्हणजे विशालन वीसपासून साठपटीपर्यंत बदलता येते व वस्तुभिंग ८० मि.मी. व्यासाचे आहे. चारशे मीटरवरील पक्षी चाळीसपट विशालनाने दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो, इतका हिशेब कोणालाही करता येतो. हाच सोपा हिशेब ग्राहकाला फसवतो, कारण यात प्रतिमेचा आकार मोजला जातो, तिची स्पष्टता मोजली जात नाही.

३. स्कोपची गरज खरोखर आहे काय?

खरेदीपूर्वी हा प्रश्न प्रांजळपणे विचारणे अगत्याचे आहे. घराभोवती बाग असून बुलबुल, दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी हे दहा-वीस मीटरवर येत असतील, तर ८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. किंबहुना तीच सोयीची आहे. पक्षी फांदीवरून फांदीवर उडत असतो. स्कोप वळवून, नेम धरून, केंद्रित करेपर्यंत तो दिसेनासा होतो. शिवाय अनेक स्कोप चार-पाच मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर केंद्रित होत नाहीत.

स्कोपचा खरा उपयोग पक्षी दूर व तुलनेने स्थिर असताना होतो. पाण्यावरील बदके, चिखलातील टिलवे, विजेच्या मनोऱ्यावरील शिकारी पक्षी, समोरच्या डोंगरकड्यावरील घरटे, माळावर उन्हाला बसलेले खोकड, काठावर पहुडलेली मगर ही त्याची क्षेत्रे होत. केवळ छायाचित्रे हवी असतील, तर मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा हा पर्यायही विचारात घ्यावा. तासन्तास निरीक्षण करावयाचे असेल आणि छायाचित्र ही त्याची जोडनोंद असेल, तर स्कोपला पर्याय नाही.

४. वस्तुभिंगाचा व्यास : प्रकाश व बारकावा

स्कोपच्या क्षमतेचा पाया वस्तुभिंगाचा व्यास हा आहे. त्यावर दोन गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट प्रकाश. गोळा होणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५ मि.मी.च्या तुलनेत ८० मि.मी.चे भिंग सुमारे दीडपट प्रकाश घेते. हा प्रकाश नेत्रिकेतून एका लहानशा प्रकाशवर्तुळाच्या रूपाने बाहेर पडतो. त्यास निर्गमछिद्र म्हणता येईल. त्याचा व्यास काढण्यासाठी वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागावे. ८० मि.मी.च्या स्कोपमध्ये वीसपट विशालनास तो ४ मि.मी., तर साठपटीस अवघा १.३ मि.मी. येतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मि.मी. असते आणि सांजवेळी ती त्याहून बरीच मोठी होते. म्हणून सकाळी लवकर व सायंकाळी, म्हणजे नेमक्या पक्ष्यांच्या वेळी, साठपट विशालनास दृश्य अंधुक होते.

दुसरी गोष्ट बारकावा, अर्थात विभेदनक्षमता. प्रकाशाच्या विवर्तनामुळे कोणत्याही भिंगाला बारकाव्याची एक मर्यादा असते. खगोलनिरीक्षकांत रूढ असलेल्या डॉझच्या नियमानुसार ११६ या संख्येस भिंगाच्या मि.मी.तील व्यासाने भागले असता ही मर्यादा विकलांमध्ये मिळते. (एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला.) ५० मि.मी.साठी ती सुमारे २.३, ६५ मि.मी.साठी १.८ आणि ८० मि.मी.साठी १.४५ विकला येते.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे दोन टिलवे महाराष्ट्राच्या चिखलणीवर हिवाळ्यात येतात. दोघेही जेमतेम १३ ते १५ सें.मी. लांबीचे. त्यांच्या ओळखीची एक खूण पायांच्या रंगात आहे. पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर. तीनशे मीटरवर असा पक्षी डोळ्याशी केवळ दीड कलेचा कोन करतो, म्हणजे तो ठिपकाच असतो. तीसपट विशालनाने हा कोन ४५ कलांच्या आसपास जातो. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे ३१ कलांचे असते, यावरून पक्षी किती मोठा दिसेल याची कल्पना यावी. परंतु त्याच्या दोन मि.मी. जाडीच्या पायाचा कोन त्या अंतरावर अवघा १.४ विकला होतो. हा आकडा ८० मि.मी.च्या भिंगाच्या मर्यादेशी जुळतो, ५० मि.मी.च्या भिंगाच्या मर्यादेपेक्षा मात्र कमी आहे. लहान स्कोपमध्ये पायाची रेघ दिसेलही, पण तिच्या रंगाविषयी खात्री देता येणार नाही. विशालन वाढवून ही उणीव भरून निघत नाही. पुसट प्रतिमा तेवढी मोठी होते.

५. विशालनाचा मोह

मानवी डोळा साधारणतः एक कलेपर्यंतचा बारकावा ओळखतो. वस्तुभिंगाने दिलेला सर्व बारकावा डोळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी किती विशालन लागेल, हे यावरून काढता येते. ५० मि.मी.साठी सुमारे २६, ६५ मि.मी.साठी ३४ आणि ८० मि.मी.साठी ४१ पट विशालन पुरते. डोळ्याच्या सोयीसाठी त्याहून थोडे अधिक घेतले, तरी ८० मि.मी.च्या स्कोपमध्ये साठपटीपलीकडे नवीन काही दिसत नाही. ५० मि.मी.च्या नळीवर '१०० पट' अथवा त्याहून मोठा आकडा छापलेला असेल, तर तो गुण न मानता सावधगिरीची सूचना समजावी.

विशालन वाढविण्याची किंमत अन्य तीन प्रकारांनी मोजावी लागते. एक, दृश्यक्षेत्र आकुंचित होते. सर्वसाधारण नेत्रिकेत वीसपटीस एक कि.मी. अंतरावर सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, साठपटीस तो १७-१८ मीटरवर येतो आणि थव्यातून हवा तो पक्षी शोधणे कठीण होते. दोन, तिपाईचा प्रत्येक कंप त्याच पटीत मोठा दिसतो. तीन, हवेची थरथर. महाराष्ट्राच्या पठारी भागात सकाळचे नऊ-दहा वाजले की तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे लोट उठू लागतात आणि दूरचे दृश्य पाण्याखाली असल्यासारखे हलते. अशा वेळी जगातील उत्तमोत्तम स्कोपही हतबल होतो. उपाय दोनच : विशालन कमी करणे अथवा सकाळची वेळ साधणे.

६. काच, लेप व लोलक

एकाच मापाच्या दोन स्कोपच्या किमतींत काही पटींचा फरक का असतो, या प्रश्नाचे उत्तर काचेत आहे. साध्या भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच बिंदूत एकवटत नाहीत. या दोषास वर्णविपथन म्हणतात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारेवर बसलेल्या कावळ्याच्या कडेला जांभळी वा हिरवट किनार दिसते, ती याच दोषाने. विशालन वाढेल तशी ही किनार अधिक जाणवते. कमी वर्णविक्षेपण असलेली 'ईडी' काच वापरून हा दोष पुष्कळ कमी करता येतो. कोवा कंपनीच्या ८८ मि.मी.च्या स्कोपमध्ये याच हेतूने फ्लोराइट स्फटिकाचे भिंग योजलेले आहे. दुर्बिणीच्या आठपट विशालनास ईडी काच नसली तरी चालते, पण चाळीसपटीच्या स्कोपमध्ये ती जवळजवळ अत्यावश्यक ठरते.

दुसरा मुद्दा लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये असे बारा पृष्ठभाग असले, तर शेवटी ६१ टक्केच प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. एकपदरी लेपाने ही हानी दर पृष्ठभागी दीड टक्क्यावर आली, तर ८३ टक्के, आणि बहुपदरी लेपाने अर्ध्या टक्क्यावर आली, तर ९४ टक्के प्रकाश मिळतो. परावर्तनरोधी लेपाची ही पद्धत १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी विकसित केली. माहितीपत्रकात नुसते 'लेपयुक्त' असे लिहिले आहे की 'सर्व पृष्ठभाग बहुपदरी लेपयुक्त' असे, हा शब्दभेद म्हणूनच महत्त्वाचा आहे.

लोलकांसाठी 'बीएके-४' ही काच 'बीके-७' पेक्षा सरस मानली जाते. पोरो पद्धतीचे लोलक अवजड, परंतु कमी खर्चात चांगली प्रतिमा देणारे असतात. रूफ पद्धतीच्या लोलकांनी नळी सडपातळ होते. मात्र त्यांना कलासुधारक लेप लागतो व किंमत वाढते. घरी एका जागी ठेवावयाच्या स्कोपसाठी जाडजूड नळी हा दोष मानण्याचे कारण नाही.

७. शरीररचना : सरळ की तिरका?

स्कोपची नेत्रिका नळीच्या रेषेत तरी असते किंवा ४५ अंशांत वर वळलेली असते. तिरक्या प्रकारात मान किंचित वाकवून खाली पाहिले की समोरचे दृश्य दिसते. घरातील मुले, आजी-आजोबा, विद्यार्थी अशा निरनिराळ्या उंचीच्या व्यक्तींना तिपाई न हलवता पाहता येते. तिपाई बुटकी ठेवता येत असल्याने स्थैर्यही वाढते. उंच झाडावरील घरटे व रात्रीचे आकाश पाहण्यास हाच प्रकार सोयीचा आहे. सरळ प्रकारात नेम चटकन धरता येतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून खाली तलावाकडे पाहावयाचे असेल, तर तो अधिक सुखावह ठरतो. सामायिक वापरासाठी तिरका प्रकार सर्वसाधारणपणे श्रेयस्कर आहे.

चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रांतराकडे लक्ष द्यावे. नेत्रिकेपासून ज्या अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण दृश्य दिसते, ते हे अंतर होय. ते १५ मि.मी.हून कमी असल्यास चष्म्यातून दृश्याचा मध्यभागच दिसतो. झूम नेत्रिकेत विशालनाबरोबर हे अंतर बदलत असल्याने ते दोन्ही टोकांना तपासावे. प्राध्यापकवर्गात चष्म्याचे प्रमाण पाहता हा निकष गौण नव्हे.

८. तिपाई : उपेक्षित अर्धांग

स्कोप खरेदी करून उरलेल्या पैशांत मिळेल ती तिपाई घेणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. ८० मि.मी.चा स्कोप सुमारे दीड ते दोन किलो वजनाचा असतो. हलक्या तिपाईवर तो वाऱ्याच्या झुळकीने थरथरतो आणि केंद्रणाच्या चाकाला बोट लावताच दृश्य नाचू लागते. एकंदर तरतुदीचा चौथा हिस्सा तिपाई व तिच्या माथ्यासाठी राखून ठेवावा. माथा द्रवरोधी, म्हणजे सावकाश व अखंड फिरणारा असावा. मधला दांडा शक्यतो वर काढू नये; पाय पसरून, दांड्याच्या आकड्यास वजनाची पिशवी अडकवावी.

घरगुती वापरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खिडकीच्या काचेतून पाहू नये. ती काच प्रकाशीय दृष्ट्या समतल नसते आणि चांगल्या स्कोपमधूनही दृश्य फाटलेले दिसते. तसेच दुपारी तापलेल्या स्लॅबवरून किंवा पत्र्यावरून पाहिल्यास उष्ण हवेची थरथर आपल्याच पायांखालून सुरू होते. सकाळची गच्ची किंवा सावलीतील उघडी खिडकी ही उत्तम जागा.

९. डिजिस्कोपिंग : तत्त्व व कृती

१९९९ च्या सुमारास मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉन कूलपिक्स मालिकेतील एक छोटा डिजिटल कॅमेरा लायकाच्या स्कोपच्या नेत्रिकेस टेकवून छायाचित्रे घेतली व हे तंत्र जगभरच्या पक्षिनिरीक्षकांत पसरविले. आज कॅमेऱ्याची जागा मुख्यतः मोबाइल फोनने घेतली आहे.

तत्त्व सरळ आहे. फोनच्या भिंगाचे ३५ मि.मी. समतुल्य नाभ्यंतर गुणिले स्कोपचे विशालन म्हणजे जोडणीचे परिणामी नाभ्यंतर. फोनचे मुख्य भिंग २६ मि.मी. समतुल्य असेल, तर वीसपटीस ५२०, तीसपटीस ७८० व साठपटीस १५६० मि.मी. असे आकडे मिळतात. म्हणजे वीसपटीसही व्यावसायिक छायाचित्रकाराच्या मोठ्या भिंगाइतका पल्ला हाती येतो.

येथेही मोठ्या आकड्याचा मोह आवरावा लागतो. समजा, फोनच्या भिंगाचे प्रत्यक्ष नाभ्यंतर ५.४ मि.मी. आणि छिद्रांक १.८ आहे, म्हणजे त्याचे छिद्र ३ मि.मी. व्यासाचे झाले. स्कोपचे निर्गमछिद्र ३ मि.मी.हून मोठे असेपर्यंत फोनला पूर्ण प्रकाश मिळतो. ८० मि.मी.च्या स्कोपमध्ये ही सीमा सुमारे २६ पट, ६५ मि.मी.मध्ये २१ पट व ५० मि.मी.मध्ये १६ पट विशालनास येते. त्यापुढे प्रकाश झपाट्याने घटतो. ८० मि.मी.च्या स्कोपवर साठपटीस फोनला एक-पंचमांश प्रकाश मिळतो. जे छायाचित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपता आले असते, त्याला आता शंभरावा भाग लागतो, आणि वीसपटीच्या तुलनेत कंप तिप्पट झालेला असतो. फोनने घेतलेली साठपटीची छायाचित्रे बहुधा का फसतात, याचा उलगडा या हिशेबात आहे. वीस ते तीस पट विशालन ठेवून नंतर छायाचित्र कातरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

कृतीच्या दृष्टीने पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

(१) फोन नेत्रिकेसमोर नेमक्या अंतरावर व मध्यावर धरणारी पकड घ्यावी. ती नेत्रिकेच्या बाह्य व्यासास बसते की नाही, हे स्कोप घेतानाच तपासावे. हाताने धरलेल्या फोनमध्ये दृश्याभोवती काळी कडा सरकत राहते.

(२) अनेक भिंगे असलेला फोन झूम करताच आपोआप दुसऱ्या भिंगावर उडी मारतो आणि पडद्यावर अंधार होतो. मुख्य भिंगच कायम राहील अशी व्यवस्था करावी. काळी कडा किंचित झूमने घालवावी.

(३) प्रथम डोळ्याने केंद्रित करून मग फोन लावावा व पडद्यावर पाहून सूक्ष्म केंद्रण करावे.

(४) बोटाच्या स्पर्शाने कंप होतो. म्हणून दोन सेकंदांचा विलंब वा दूरस्थ कळ वापरावी.

(५) गडद पाण्यावरील पांढरा बगळा फोनच्या स्वयंचलित मापनात चुन्यासारखा सपाट दिसतो. त्यावर बोट टेकवून प्रकाश उणा करावा.

(६) हालचाल करणाऱ्या पक्ष्याचे चलचित्र घ्यावे. ओळख पटविण्यास लागणारी चोच, पाय वा पंखाची खूण त्यातील एखाद्या चौकटीत सापडते.

१०. खरेदीपूर्व परीक्षण

शक्यतो प्रत्यक्ष पाहूनच स्कोप घ्यावा. दुकानाच्या आत भिंतीकडे पाहून काही कळत नाही. बाहेर, दीडशे-दोनशे मीटरवरील पाटी निवडावी. केंद्रणाचे चाक फिरविताना स्पष्टतेचा एकच निश्चित बिंदू मिळाला पाहिजे. चाक पुढेमागे करूनही समाधान होत नसेल, तर भिंग सदोष समजावे. कमाल विशालनास पाटीवरील अक्षरे अधिक वाचता येतात की केवळ मोठी होतात, हे पाहावे. आकाशाच्या पार्श्वभूमीवरील तारेची किनार तपासावी. मग दृश्याच्या मध्याची व कडेची तुलना करावी. साध्या झूम नेत्रिकेपेक्षा २५ वा ३० पटीची स्थिर नेत्रिका अनेकदा अधिक विस्तृत व स्वच्छ दृश्य देते, हेही पडताळून पाहावे.

तरतूद मर्यादित असल्यास एक नियम उपयोगी पडतो : सामान्य काचेच्या ८० मि.मी.पेक्षा ईडी काचेचा ६० किंवा ६५ मि.मी.चा स्कोप बरा. मोठे भिंग अधिक प्रकाशाबरोबर अधिक दोषही दाखविते.

११. पावसाळा, बुरशी व निगा

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, स्कोपचा खरा शत्रू पावसाळी दमटपणा आहे. भिंगाच्या आत बुरशीचे जाळे पसरले की ती लेप खाऊन टाकते व दुरुस्ती महाग पडते. नळीत कोरडा नायट्रोजन वा आर्गॉन वायू भरून ती जलाभेद्य केलेली असल्यास आत बाष्प धरत नाही. येथील हवामानात हा निकष चैनीचा मानू नये. जून ते सप्टेंबर या काळात स्कोप कापडी वा चामडी पिशवीत कपाटात कोंडून ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. रंग बदललेले सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येते. भिंगावरील धूळ प्रथम हवेच्या फुग्याने उडवावी आणि नंतरच मऊ भिंगवस्त्र फिरवावे. धोतराच्या सोग्याने वा पदराने पुसण्याची सवय लेपावर कायमचे ओरखडे पाडते. आणखी एक सूचना जिवाभावाची : स्कोप कधीही सूर्याकडे वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते. मुले हाताळत असतील तेथे वडीलधाऱ्याने जवळ असावे.

१२. शैक्षणिक उपयोग व मर्यादा

एक स्कोप अनेक विभागांना उपयोगी पडतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाणपक्ष्यांची गणना करता येते, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्णविपथन व विभेदनक्षमता प्रत्यक्ष दाखविता येते, भूगोल विभागास जलाशयाच्या पातळीनुसार बदलणारा अधिवास नोंदविता येतो. रात्री त्याच साधनातून चंद्रावरील विवरे व गुरूचे चार मोठे उपग्रह दिसतात. दरवर्षी जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना, तसेच फेब्रुवारीतील ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट व त्यासोबत भारतात होणारा कॅम्पस बर्ड काउंट यांत महाविद्यालयांना सहभागी होता येते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या नोंदसंग्रहात डिजिस्कोपिंगचे साधे छायाचित्रही पुराव्याचे काम करते. पट्टकादंबाच्या मानेतील पट्टा वा पायातील कड्यावरील अक्षरे वाचता आली, तर मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेल्या त्या एका पक्ष्याचा प्रवास उलगडतो. असे वाचन दुरूनच, पक्षी न उडविता व्हावे लागते.

याच ठिकाणी साधनाची नैतिक बाजू समोर येते. फोनवर छायाचित्र मिळावे म्हणून नाव थव्यात घालणे, घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला करणे, टिटवीला अंड्यांवरून उठविणे हे प्रकार आज सर्रास घडतात. स्थलांतराने थकलेल्या पक्ष्याला प्रत्येक अनावश्यक उड्डाणाची किंमत त्याच्या साठविलेल्या शक्तीतून मोजावी लागते. उन्हाळ्यात टिटवी उठली, तर उघडी अंडी काही वेळातच तापतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांना करून दिली पाहिजे. स्कोप हाती असलेल्याला जवळ जाण्याचे निमित्तच उरत नाही. मात्र हेच साधन शेजाऱ्याच्या खिडकीकडेही वळू शकते. वसाहतीत ते कोठे व कोणत्या दिशेने ठेवले आहे, हे सर्वांना ठाऊक असावे. धरणाच्या भिंतीसारख्या प्रतिबंधित जागेवर छायाचित्रणाचे नियम पाळावेत.

१३. निष्कर्ष

(१) पक्षी शंभर मीटरच्या आत असतील, तर प्रथम चांगली दुर्बीण घ्यावी. स्कोपची गरज त्यापुढील अंतरांसाठी आहे.

(२) निवडीचा क्रम असा असावा : काचेचा दर्जा, वस्तुभिंगाचा व्यास, तिपाई, नेत्रांतर, आणि सर्वांत शेवटी कमाल विशालन.

(३) घरगुती व महाविद्यालयीन सामायिक वापरासाठी ६५ ते ८० मि.मी., ईडी काच, सर्वत्र बहुपदरी लेप, तिरकी नेत्रिका व वायुभरित जलाभेद्य नळी हा सुयोग्य मेळ आहे.

(४) निरीक्षणासाठी वीस ते चाळीस, तर फोनद्वारे छायाचित्रणासाठी वीस ते तीस पट विशालन पुरेसे आहे.

(५) पावसाळ्यातील साठवणुकीची व्यवस्था खरेदीच्या वेळीच करावी.

दूरच्या चिखलात चरणारा टिलवा आपल्याकडे कोणी पाहत आहे याची जाणीवही न होता चरत राहावा आणि गच्चीवरील विद्यार्थ्याने त्याच्या पायांचा रंग वहीत नोंदवावा, एवढे घडले तरी हा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.